‘आता या वयात कशाला?’ : मायच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनिमित्ताने

२०२४ च्या सोयाबीन काढणीच्या दिवसांत माझी माय रात्री न्हाणीकडे जाताना पडली आणि तिच्या उजव्या खुब्याचे हाड मोडले. त्या वेळी तिच्या आधार कार्डावर १ जानेवारी १९४२ ही जन्मतारीख होती, आणि तिच्या पायाचे काय करायचे हा प्रश्न पुढे बराच काळ त्या एका तारखेभोवती फिरत राहिला. आमच्या औसा-निलंग्याकडच्या खेड्यांत तिच्या पिढीतल्या अनेकांचा जन्म कागदोपत्री १ जानेवारीलाच झालेला आहे, कारण जन्माची नोंद कुठेच नसल्याने कार्ड काढणाऱ्या मुलाने समोरच्या चेहऱ्याकडे पाहून वर्ष टाकलेले असते. मायला स्वतःला एवढेच ठाऊक आहे, की रझाकारांच्या धामधुमीत तिची आई तिला कडेवर घेऊन सोलापूरच्या मुलखात निघून गेली होती. हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये मुक्त झाले. त्या वर्षी जी पोर कडेवर होती, तिचा जन्म १९४२ चा असणे कठीण आहे. म्हणजे ज्या आकड्यावर तिच्या उपचारांचा निर्णय व्हायचा होता, तो आकडा मुळात एका अनोळखी माणसाने तिच्या सुरकुत्यांवरून केलेला अंदाज होता. (याच आकड्याने तिला २०२२ पासून एस.टी.चा प्रवास फुकट मिळतो, त्यामुळे तिची त्याविरुद्ध काही तक्रार नाही.)

पडल्यावर तिला उठता येईना. पाय बाहेरच्या बाजूला वळला होता आणि दुसऱ्या पायापेक्षा आखूड दिसत होता. शेजाऱ्यांनी मुका मार आहे असे ठरवून आंबेहळदीचा लेप लावला, आणि उजाडल्यावर धाकट्या भावाने जीप करून तिला तालुक्याच्या गावी नेले. मी लातूरजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. रजा टाकून मी तिथे पोहोचले तेव्हा एक्स-रे झालेला होता. मांडीच्या हाडाची मान मोडून जागेवरून सरकली होती. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म पाहिली, कार्ड पाहिले आणि भावाला सांगितले, ‘ब्याऐंशी वय आहे, बीपी आहे. आता या वयात ऑपरेशन कशाला? घरी न्या, पायाला वजन लावा, सुखाने राहू द्या.’ माय तिथेच स्ट्रेचरवर पूर्ण शुद्धीत पडलेली होती. तिच्याशी कोणीही एक शब्द बोलले नाही.

‘सुखाने’ या शब्दामागे काय असते, ते मला नंतर समजावून घेता आले. खुब्याच्या सांध्यातल्या गोल भागाला, ज्याला सगळे ‘बॉल’ म्हणतात, रक्त मुख्यतः मानेवरून जाणाऱ्या बारीक वाहिन्यांतून मिळते. मान मोडून सरकली की तो पुरवठा तुटतो, आणि उतारवयात असे हाड आपोआप जुळून येण्याची आशा फार थोडी उरते. पायाला वजन लावल्याने ते जुळत नाही, माणूस फक्त अंथरुणाला खिळतो. मग छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा पडतात, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात आणि मांड्यांचे मांस झडत जाते. कूस बदलताना आणि खाली भांडे सरकवताना होणाऱ्या वेदना वेगळ्याच. शस्त्रक्रिया होऊनसुद्धा खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण वीस ते तीस टक्के माणसे वर्षभरात दगावतात. नुसते झोपवून ठेवलेल्यांत हे प्रमाण आणखी वाढते. तेव्हा तो सल्ला सावधपणाचा मुळीच नव्हता. परंतु तो इतक्या कनवाळू सुरात दिला गेला होता, की माझ्या भावाला त्यात आईविषयीची दयाच ऐकू आली.

घरी आणल्यावर भावकी जमली. पिकले पान आहे, म्हातारीचे हाल करू नका, गोवऱ्या मसणात गेलेल्या बाईला कापून काय मिळवायचे, असे एकेकाने सांगितले, आणि सांगणाऱ्यांपैकी निम्मे स्वतः साठीच्या पुढचे होते. सोयाबीनला भाव नव्हता, हेही खरे होते आणि ते कोणी तरी बोलणार हेही ठरलेले होते. मला राहून राहून एक गोष्ट आठवत होती. आमच्याच भावकीतला पंचेचाळिशीचा चुलत भाऊ मोटारसायकलवरून पडून त्याच्या मांडीचे हाड मोडले, तेव्हा याच मंडळींनी रातोरात उसनवारी करून त्याला सोलापूरला नेले होते. त्या रात्री ‘कशाला’ हा प्रश्न कोणाच्याही तोंडून निघाला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे, की जगातल्या दर दोन माणसांपैकी एकाच्या मनात वृद्धांविषयी वयावरून दूषित दृष्टी असते. आमच्या ओसरीवर त्या दिवशी हे प्रमाण बरेच जास्त भरले असते.

मी कोणाशी वाद घातला नाही, कारण माहेरी आलेल्या लेकीने भावकीसमोर वाद घातला की मूळ मुद्दा बाजूला पडतो आणि लेकीच्या बोलण्याचीच चर्चा सुरू होते. मी भावाला बाजूला घेऊन एवढेच म्हटले, की लातूरच्या एका अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवू आणि मग तू म्हणशील तसे करू. त्याने मान्य केले, पण त्याची भीती त्याने लपवली नाही : ‘अक्का, तू म्हनतीस ते खरं, पर उद्या काही बरंवाईट झालं तर गाव मला खाईल.’ ही भीती खोटी नव्हती. म्हातारे माणूस घरात पडून पडून गेले तर लोक त्याला देवाची इच्छा म्हणतात. ऑपरेशनच्या टेबलावर गेले तर मुलाने मारले म्हणतात. निर्णय घेणाऱ्यावर हा भार असतो, आणि ‘या वयात कशाला’ म्हटले की तो भार उतरतो.

लातूरच्या डॉक्टरांनीही वय विचारले, पण त्याआधी त्यांनी दुसरे काही तरी विचारले : पडण्याच्या आदल्या दिवशी यांनी सकाळपासून काय काय केले? भावाने आठवून सांगितले, की पहाटे उठून अंगण झाडले, सडा टाकला, सोयाबीन काढणाऱ्या बायांसाठी भाकरीचे टोपले घेऊन वावरात गेली, दुपारी तूर निवडली आणि दिवेलागणीला मारुतीला जाऊन आली. सांगता सांगता त्याचा आवाज बदलत गेला. रोज डोळ्यांसमोर घडणारी कामे त्याने कधी एका दमात मोजली नव्हती. डॉक्टरांनी ते सगळे केसपेपरवर लिहून घेतले. ते म्हणाले, की अंथरुणाला आधीपासून खिळलेला, हृदय फार कमजोर झालेला रुग्ण असेल तर विचार वेगळा करावा लागतो, आणि तिथेही पुष्कळदा निव्वळ वेदना थांबवण्यासाठी ऑपरेशन करावे लागते. परंतु काल वावरात गेलेल्या बाईला आज अंथरुणावर टाकणे हे तिचे सर्वांत मोठे नुकसान आहे. ब्रिटनमध्ये २०११ सालापासून असे मार्गदर्शक तत्त्व आहे, की खुब्याची शस्त्रक्रिया रुग्ण दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावी. आमचा बराचसा वेळ ओसरीवरच्या चर्चेत गेला होता.

रक्ताच्या तपासण्या आणि हृदयाचा इको होऊन फिटनेस मिळाल्यावर संमतीचा कागद आला. परिचारिकेने तो सवयीने भावापुढे धरला. माय इतका वेळ गप्प होती. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘पाय माझा हाय, आन् इचारायलेत ह्याला.’ डॉक्टरांनी ते ऐकले. त्यांनी स्टूल ओढून घेतले, तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसले, आणि ओरडून नव्हे तर सावकाश, खालच्या आवाजात सांगितले, की मोडलेला गोळा काढून त्या जागी धातूचा बसवणार, कमरेतून भूल देणार, जिवाला धोका किती आणि न केल्यास किती. मग काय समजले ते तिलाच सांगायला लावले. तिने ते सांगितले आणि एकच प्रश्न विचारला : ‘डाक्टर, परसाकडं माझी मी जाईन का?’ उत्तर मिळाल्यावर साक्षरता अभियानात शिकलेली सही तिने वेळ घेऊन केली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे, की सज्ञान आणि समजउमज असलेल्या रुग्णाच्या उपचारासाठी त्याची स्वतःची संमती लागते, घरच्या दुसऱ्या कोणी दिलेली चालत नाही. वय वाढल्याने हा हक्क कमी होतो असे त्यात कुठेही नाही. पण दवाखान्यांत केस पांढरे दिसले की कागद आपोआप मुलाकडे वळतो.

शस्त्रक्रिया विनासायास पार पडली. खरी कसोटी दुसऱ्या रात्री सुरू झाली. माय एकाएकी उठून बसू लागली, वॉर्डात शेळ्या शिरल्या आहेत, त्यांना हाका म्हणू लागली, सलाईनची नळी ओढू लागली, आणि वीस वर्षांपूर्वी वारलेल्या माझ्या वडिलांना हाका मारू लागली. सकाळी ती शांत आणि झोपाळलेली असे. रात्री पुन्हा तेच. वॉर्डातल्या अनुभवी मावशींनी सांगून टाकले, की हा म्हातारचळ आहे, या वयात भूल दिली की डोके असेच जाते, आता हे असेच चालायचे. रात्रपाळीच्या कोणी तरी तिचे हात पलंगाला बांधावे आणि झोपेचे इंजेक्शन द्यावे असे सुचवले. भावाचा चेहरा पाहण्यासारखा नव्हता. पाय वाचवायला गेलो आणि आई घालवली, असे त्याला वाटत होते.

मी शाळेत शिकवणारी बाई, मला वैद्यकातले काही कळत नाही. परंतु परवापर्यंत सोयऱ्याधायऱ्यांच्या लग्नाच्या तिथी तोंडपाठ सांगणारे माणूस दोन रात्रींत म्हातारे कसे होईल, हे मला पटेना. वय काही आठ दिवसांत येत नाही. फिजिशियन आले तेव्हा मी हेच त्यांना विचारले, आणि त्यांनी नेमके तेच निदानाचे सूत्र असल्याचे सांगितले. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी हळूहळू वाढतो. अचानक सुरू होणारा आणि दिवसातून कमी-जास्त होणारा हा भ्रम म्हणजे डिलिरियम, आणि त्यामागे शरीरातले काही तरी कारण असते, ते शोधायचे असते. मायच्या बाबतीत एक नव्हे, बरीच कारणे निघाली. रक्तातले सोडियम १३५ ते १४५ च्या दरम्यान हवे, ते दाखल होतानाच थोडे कमी होते आणि ऑपरेशननंतर घसरून १२४ वर आले होते. तिची वर्षानुवर्षे चाललेली बीपीची गोळी लघवीवाटे मीठ बाहेर टाकणारी होती. लघवीची नळी टोचत होती, पोट साफ नव्हते, दुखणे ती सांगत नव्हती. चष्मा आणि कवळी हरवू नये म्हणून भावजयीने पिशवीत जपून ठेवली होती, त्यामुळे तिला धड दिसत नव्हते आणि बोललेले कोणाला समजत नव्हते.

हात बांधणे आणि झोपेचे औषध या दोन्हींना फिजिशियननी मनाई केली, कारण अशा उपायांनी भ्रम बहुधा वाढतो. बीपीची गोळी बदलली, सोडियम सावकाश वर आणले, नळी काढली. चष्मा, कवळी आणि समोर मोठे घड्याळ आले. दिवसा खिडकी उघडी आणि रात्री दिवा मंद झाला. पाळीपाळीने वेगवेगळे नातेवाईक बसवण्याऐवजी भावजय आणि मी अशा दोघीच जवळ राहू लागलो. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या शॅरन इनोये यांनी १९९९ साली अशाच साध्या उपायांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. नेहमीच्या देखभालीत १५ टक्के वृद्ध रुग्णांना डिलिरियम झाला, आणि हे उपाय केलेल्यांत ९.९ टक्क्यांना. यातल्या एकाही उपायाला महागडे यंत्र लागत नाही, फक्त समोरच्याचे डोके ‘गेलेले’ नसून ‘बिघडलेले’ आहे एवढे मानावे लागते. काही दिवसांत शेळ्या गेल्या. शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा तिने काय केले असेल, तर ‘काय बाळा, जेवलीस का, शाणी हाय ना’ म्हणणाऱ्या मदतनिसाला सुनावले, की माझ्या नातवाला पोरं झालीत, मला बाळ म्हणू नको.

सोडियमच्या त्या आकड्यातून आणखी एक गोष्ट उलगडली. पडण्याआधी महिनाभर ती चालताना झोल जातो म्हणत होती, आणि सर्दीसाठी गावातल्या मेडिकलवरून आणलेली, गुंगी येणारी गोळी रात्री घेत होती. दोन्ही मिळून ती पडली असण्याची शक्यता डॉक्टरांनी सांगितली. उतारवयात टाळाव्यात अशा औषधांची एक यादी अमेरिकेत १९९१ पासून बीअर्स यादी या नावाने आहे आणि ती वेळोवेळी सुधारली जाते. सर्दीच्या त्या जुन्या गोळ्या तिच्यात आहेत. घरी मात्र झोल जाण्याचे कारण सर्वांनी मिळून ठरवून टाकलेले होते, ते म्हणजे वय.

ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्टने तिला वॉकर धरून उभे केले होते, तेव्हा भेटायला आलेल्या चुलतीने डोळ्यांना पदर लावला. हाड जुळू द्या, सव्वा महिना तरी पाठ टेकू द्या, असा सर्वांचा आग्रह होता. इथे जुळायचे हाडच नव्हते, सिमेंटने बसवलेला सांधा पहिल्या दिवसापासून वजन घेतो, हे कितीदाही सांगितले तरी म्हाताऱ्या माणसाला चालवणे म्हणजे छळणे, ही समजूत हलत नाही. मला या संदर्भात मार्जरी वॉरेन या इंग्रज डॉक्टरणीची हकिगत फार मोलाची वाटते. लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे १९३५ साली जवळच्या गरीबखान्याचा दवाखाना सोपवण्यात आला, तेव्हा तिथे सातशेहून अधिक रुग्ण पडून होते आणि त्यांतले कितीतरी असाध्य समजून वर्षानुवर्षे अंथरुणावर ठेवलेले होते. या बाईंनी एकेकाला तपासले, उठवले, चालवले, आणि त्यांतले बरेच जण घरी जाण्याजोगे निघाले. वृद्धांचे वैद्यक नावाची शाखा तिथून वाढली. त्या माणसांना आजाराइतकेच, कदाचित जास्तच, अंथरुणाने अपंग केले होते.

घरी आल्यावरचा काळ सर्वांत अवघड गेला, आणि अडचण शरीराची कमी, मायेची जास्त होती. माझी भावजय गुणी आहे. ती सासूला आत्याबाई म्हणते आणि मनापासून करते. तिने अंघोळ घालावी, वेणी घालावी, भाकरी कुस्करून पुढे ठेवावी, पाण्याचा तांब्या तोंडाला लावावा. फिजिओथेरपिस्ट आठवड्याने आली आणि म्हणाली, की या चालण्यात मागे पडत आहेत. मी भावजयीशी निवांत बोलले तेव्हा तिने खरे कारण सांगितले. माय खुर्चीवर बसून लसूण सोलत होती, तेवढ्यात शेजारीण डोकावली आणि म्हणाली, ‘काय गं, खुबा मोडलेल्या सासूला बी कामाला लावलीस व्हय?’ संध्याकाळपर्यंत ते वाक्य आळीभर झाले होते. लेकीने आईला चालवले तर लेक धीराची ठरते. सुनेने चालवले तर ती सून दुष्ट ठरते. म्हाताऱ्या माणसाला काही करू न देणे हीच सेवेची खूण मानली गेल्यावर, चांगली म्हणवून घेण्यासाठी सुनेला सासूचे हातपाय थांबवावे लागतात. शहरातल्या व्याख्यानांत हा मुद्दा मी कधी ऐकलेला नाही, पण आमच्याकडच्या घरांत वृद्धांना लवकर लुळे करणारे कारण मला हेच दिसते.

यावर तोडगा फिजिओथेरपिस्टने काढला. तिने दवाखान्याच्या कागदावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहून दिले : अंघोळ, कपडे, जेवण, खुर्चीवर बसून निवडणे-टिपणे ही कामे रुग्णाने स्वतः करावीत, उकिडवे बसू नये, मांडी घालू नये, रोज वॉकरने चालावे. खाली सही आणि शिक्का. भावजयीने तो कागद ओसरीत, येणाऱ्याच्या नजरेला पहिला पडेल असा लावला. डॉक्टरचा शिक्का पाहून शेजारणीचे तोंड बंद झाले आणि भावजयीचे हात मोकळे झाले. भावाने न्हाणीचा उंबरा काढून टाकला, भिंतीला पाइप ठोकून धरायला आधार केला, उंच खुर्चीचा कमोड आणला आणि रात्रभर जळणारा छोटा बल्ब लावला. ऑपरेशनआधी तिने डॉक्टरांना जे विचारले होते, ते यामुळे साधले : परसाकडे ती आता एकटीने जाते.

मात्र सगळ्यांत चिवट विरोध खुद्द मायचाच होता. ‘माझं काय आता, आज हाय उद्या नाही’ हे ती व्यायाम टाळण्यासाठी म्हणे, आणि मनापासूनही म्हणे. १९७२ च्या दुष्काळात तिने रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती, मिलो नावाच्या ज्वारीच्या भाकरी आणि सुकडीवर घर तगवले होते, विधवा झाल्यावर पाच एकर जमीन पडीक पडू दिली नव्हती. त्या बाईला आपण आता फक्त ओझे आहोत असे वाटू लागावे, इतके तिच्या कानांवर ते वर्षानुवर्षे पडलेले होते. येलच्याच बेका लेव्ही यांनी २००२ साली अमेरिकेतल्या ओहायोमधल्या ६६० माणसांच्या पाहणीवरून दाखवले, की स्वतःच्या म्हातारपणाविषयी बरी भावना असलेली माणसे सरासरी साडेसात वर्षे अधिक जगली. ओहायो आणि औसा यांत अंतर आहे, हे मी जाणते. तरीही माझा अनुभव असा, की तिला ‘व्यायाम कर’ म्हटले की ती पडून राही, आणि ‘मारुतीपर्यंत कधी जायचे’ म्हटले की स्वतःहून वॉकर मागू लागे.

घरी सोडताना दिलेल्या कार्डावर हाडांच्या ठिसूळपणाविषयी ओळही नव्हती. एकदा खुबा मोडलेल्या माणसाचे दुसरे हाड मोडण्याचा धोका मोठा असतो, म्हणून मी विचारले. ‘या वयात हाडे काय भरणार’ हे उत्तर इथेही एका ठिकाणी मिळाले. वस्तुस्थिती अशी आहे, की वर्षातून एकदा शिरेतून दिल्या जाणाऱ्या झोलेड्रोनिक आम्ल या हाडे बळकट करणाऱ्या औषधाची खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर चाचणी झाली, ती सरासरी चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या रुग्णांवरच, आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत नवी फ्रॅक्चरे ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाची तपासणी करून मायला ते दिले. त्याच फेरीत कान दाखवला. एका कानात घट्ट झालेला मळ निघाला आणि दुसऱ्यासाठी यंत्र मिळाले. ती ऐकत नाही म्हणजे तिला समजत नाही, हा घरातला जुना हिशेब तिथे मोडला. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धांच्या उपचारांची स्वतंत्र सोय आणि त्यांच्यासाठी वेगळी रांग असावी असे कलम आहे. बाह्यरुग्ण विभागात चौकशी करताना त्या कलमाचा शांतपणे उल्लेख केला, तर निदान बसायला खुर्ची मिळते.

आज माय काठी घेऊन चालते. डोंगरदऱ्या आता होणार नाहीत, जमिनीवर बसणे बंद आहे, आणि थंडीत खुबा ठणकतो. सध्या घरात वाद आहे तो ओढ्यापलीकडच्या वावरात एकटीने जाण्याचा. भावाचे म्हणणे, पावसाळ्यात ओढ्याला चिखल असतो, पुन्हा घसरली तर काय. तिचे म्हणणे, माझ्या नावावरचे वावर मी दुरून किती दिवस पाहू. मला दोघांचेही पटते, म्हणून मी मध्ये पडले नाही. शेवटी भावाने ओढ्यात सिमेंटच्या नळ्या टाकून वर मुरूम दाबून घेतला आणि एका बाजूने बांबूचा कठडा बांधला. मायने काठीने मुरूम ठोकून पाहिला आणि कठडा दोन्ही बाजूंनी हवा, कारण येताना उजवा हात दुसरीकडे येतो, असे सांगून त्याला पुन्हा कामाला लावले आहे.